बुडालेल्या पाणबुडीची साक्ष

पाणबुडीची सारी उपयुक्तता तिच्या अदृश्यतेत आहे, आणि या अदृश्यतेची किंमत ती नष्ट होते त्या वेळी चुकवावी लागते. पृष्ठभागावरची युद्धनौका बुडते तेव्हा बहुधा कोणीतरी पाहणारे असते, वाचलेले खलाशी असतात, शेवटचा बिनतारी संदेश असतो, निदान शत्रूच्या नोंदवहीत तिचे नाव तरी असते. पाणबुडीच्या बाबतीत मात्र अनेकदा एवढेच कळते की अमुक दिवशी तिने बंदर सोडले, तमुक दिवशी तिचा शेवटचा संदेश आला आणि ठरलेल्या मुदतीत ती परतली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ५२ पाणबुड्या आणि त्यांच्यावरचे सुमारे साडेतीन हजार नौसैनिक गमावले. जर्मनीने सातशेहून अधिक पाणबुड्या गमावल्या आणि या दलातल्या सुमारे ४० हजार माणसांपैकी ३० हजारांच्या आसपास माणसे परतली नाहीत. यांतल्या कित्येक पाणबुड्यांवरचे एकही माणूस वाचले नाही, त्यामुळे त्यांच्या अखेरीविषयी इतिहासग्रंथांत जे छापले गेले ते बऱ्याच अंशी अनुमान होते. गेल्या तीन-चार दशकांत समुद्रतळ पाहण्याची साधने सुधारली आणि ही अनुमाने तपासून पाहणे शक्य झाले. या तपासणीत तीन प्रश्न असतात: अवशेष कुठे आहेत, ते कोणत्या पाणबुडीचे आहेत, आणि ती पाणबुडी कशाने बुडाली. हे प्रश्न एकाहून एक अवघड आहेत आणि प्रत्येकाला वेगळ्या जातीचा पुरावा लागतो. तरीही शोधाची घोषणा होते तेव्हा तिन्हींची उत्तरे एकाच वाक्यात, एकाच ठामपणाने दिली जातात. बुडालेल्या पाणबुड्यांविषयीच्या बहुतेक चुका या घाईतून जन्माला आल्या आहेत.

युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांच्या नौदलांनी शत्रूच्या कोणत्या पाणबुड्या कुठे आणि कोणाच्या हल्ल्यात बुडाल्या याच्या याद्या तयार केल्या. एका बाजूला हल्ल्यांचे अहवाल होते, ज्यांत पाण्यावर आलेले तेल, लाकडाचे तुकडे किंवा खोलवर ऐकू आलेला स्फोट यांवरून हल्ला यशस्वी झाला की नाही याची प्रतवारी केलेली होती. दुसऱ्या बाजूला जर्मन आणि जपानी मुख्यालयांची कागदपत्रे होती, ज्यांत कोणती पाणबुडी कुठे पाठवली आणि ती कधीपासून गप्प आहे हे नोंदलेले होते. जिथे दोन्ही बाजू स्वच्छ जुळल्या तिथे अडचण आली नाही. शेवटी मात्र काही पाणबुड्या उरल्या आणि काही हल्ले उरले, तेव्हा तारीख आणि प्रदेश यांचा साधारण मेळ पाहून त्यांची सांगड घालण्यात आली. यात अप्रामाणिकपणा नव्हता, कारण शेकडो प्रकरणे थोड्या वेळात निकाली काढायची होती आणि समुद्राच्या तळाशी जाऊन पाहण्याची सोयही नव्हती. पण मूळ तक्त्यात जे संभाव्य म्हणून लिहिले गेले ते पुढच्या ग्रंथकारांनी निश्चित म्हणून उतरवून घेतले, आणि दोन-तीन पिढ्यांनंतर त्या नोंदीमागची शंका वाचकाला दिसेनाशी झाली. सुभाषचंद्र बोस यांना जर्मनीहून घेऊन निघालेल्या आणि २८ एप्रिल १९४३ रोजी मादागास्करच्या समुद्रात जपानच्या आय-२९ या पाणबुडीच्या स्वाधीन करणाऱ्या यू-१८० चे उदाहरण भारतीय वाचकाला जवळचे वाटेल. ऑगस्ट १९४४ मध्ये ती बिस्केच्या उपसागरात ५६ जणांसह नाहीशी झाली. ती सुरुंगाने बुडाली असे अनेक वर्षे छापले गेले. या कारणाला पुरेसा आधार नाही हे अभ्यासकांनी फार उशिरा लक्षात आणून दिले.

अनुमानाला पुराव्याचा मान मिळाला की काय होते हे यू-८६९ च्या प्रकरणाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर, सुमारे ७० मीटर खोलीवर, काही हौशी डायव्हरांना एका जर्मन पाणबुडीचे अवशेष सापडले. त्या परिसरात जर्मन पाणबुडी बुडाल्याची नोंद कोणत्याही देशाच्या यादीत नव्हती. जॉन चॅटर्टन आणि रिची कोलर या दोघांनी पुढची सहा वर्षे तिची ओळख पटवण्यासाठी खर्ची घातली, आणि या काळात त्या अवशेषांवर उतरलेल्या तीन डायव्हरांचा मृत्यू झाला. आरंभीच्याच एका फेरीत एक सुरी वर आली होती, जिच्या मुठीवर होरेनबुर्ग हे नाव कोरलेले होते. या नावाचा बिनतारी यंत्रचालक यू-८६९ वर होता. परंतु यू-८६९ ही २८ फेब्रुवारी १९४५ रोजी मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी व फ्रेंच जहाजांच्या हल्ल्यात बुडाली असे अधिकृत यादी सांगत होती, म्हणून हातात असलेल्या वस्तूला वजन मिळाले नाही आणि कागदाला मिळाले. अखेर १९९७ मध्ये यंत्राच्या सुट्या भागांच्या एका पेटीवरची पट्टी सापडली, तिच्यावर यू-८६९ हा क्रमांक होता, आणि वाद संपला.

चूक कशी झाली हे पाहिले म्हणजे प्रकरणाचे खरे महत्त्व कळते. पाणबुडीला मूळ आदेश न्यू यॉर्कच्या दिशेने जाण्याचा होता. पुढे जर्मन मुख्यालयाने तिला जिब्राल्टरकडे वळण्याचा आदेश बिनतारी संदेशाने पाठवला. हा दुसरा आदेश पाणबुडीला मिळाल्याची पोच कधीच आली नाही. तरीही युद्धानंतर यादी करणाऱ्यांनी असे गृहीत धरले की आदेश गेला त्याअर्थी पाणबुडीही तिकडे गेली, आणि मग जिब्राल्टरच्या अलीकडे झालेल्या, फारसा ठोस निकाल नसलेल्या एका हल्ल्याला ती जोडून टाकली. आदेश कागदावर होता आणि पोच कागदावर नव्हती. जे लिहिलेले सापडले त्याला प्रमाण मानले गेले आणि जे सापडले नाही त्याच्या नसण्याचा अर्थ कोणी विचारला नाही. अभिलेखांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग त्याचा विषय पाणबुड्या असोत की पेशव्यांच्या दप्तरातली पत्रे, हे प्रकरण ध्यानात ठेवावे असे आहे, कारण पाठवलेले पत्र आणि पोचलेले पत्र यांतला फरक सर्वत्र सारखाच निर्णायक असतो.

कागद चुकतो म्हणून कागद टाकून द्यावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. अमेरिकेची ग्रेबॅक ही पाणबुडी २७ फेब्रुवारी १९४४ रोजी ओकिनावाजवळ बुडाली, पण युद्धानंतर अमेरिकी नौदलाने जपानी नोंदींच्या आधारे तिची जागा निश्चित केली तेव्हा रेखांशाचा एक आकडा चुकीचा उतरला गेला, आणि त्या एका आकड्यामुळे शोधाचे क्षेत्र सुमारे शंभर मैल बाजूला सरकले. पाऊण शतकानंतर युताका इवासाकी या जपानी अभ्यासकाने सासेबो नाविक तळाचे मूळ दैनिक अहवाल पुन्हा वाचले, त्यातला खरा आकडा दाखवून दिला, आणि टिम टेलर यांच्या पथकाला २०१९ मध्ये ग्रेबॅक तिथेच सापडली. याच इवासाकींनी त्याआधी आणखी एका शोधाला वाट दाखवली होती. अल्यूशियन बेटांच्या परिसरात जुलै १९४२ मध्ये ७० जणांसह नाहीशा झालेल्या ग्रनियनचा शोध तिचे कप्तान मॅनर्ट एबल यांच्या तीन मुलांनी घेतला, तेव्हा कानो मारू या जपानी मालवाहू जहाजाशी झालेल्या तिच्या शेवटच्या झुंजीचा वृत्तान्त इवासाकींनीच त्यांच्यासाठी अनुवादित केला होता. अमेरिकी नौसैनिकांच्या मृत्यूची जागा जपानी कागदांत जपलेली होती आणि ती एका जपानी माणसाने त्यांच्या मुलांना वाचून दाखवली, ही गोष्ट या साऱ्या विषयातली सर्वांत मोलाची आहे. शत्रूचे दप्तर वाचल्याशिवाय आपल्या मृतांचा ठावठिकाणा लागत नाही, आणि ते दप्तर वाचायला शत्रूची भाषा जाणणारा, त्याच्या नोंदींची पद्धत समजणारा माणूस लागतो. या कामासाठी देशोदेशी यंत्रांवर जेवढा खर्च होतो त्याच्या अल्पांशानेही अशा वाचकांवर होत नाही, ही मोठी उणीव मानली पाहिजे.

यंत्रांचे काम अर्थातच मोठे आहे. साइड-स्कॅन सोनार हे जहाजामागून ओढत नेले जाणारे यंत्र दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडते आणि तळावरून परतणाऱ्या प्रतिध्वनींतून वस्तू व तिची सावली यांचे चित्र तयार करते. मल्टीबीम सोनार एकाच वेळी अनेक ध्वनिशलाकांनी खोली मोजून तळाचा नकाशा काढतो. मॅग्नेटोमीटर लोखंडाच्या मोठ्या साठ्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात पडणारा फरक टिपतो. आणि आरओव्ही म्हणजे जहाजावरून तारेने चालवला जाणारा, कॅमेरे व दिवे असलेला मानवरहित यांत्रिक डायव्हर प्रत्यक्ष अवशेषांपर्यंत जातो. पुष्कळदा शोध दुसऱ्याच कामातून लागतो. इंग्लंडच्या पूर्वेला समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी तळाची पाहणी चालू असताना २०१२ मध्ये एका पाणबुडीचे अवशेष आढळले. १९४० मध्ये नाहीशी झालेली डच पाणबुडी ओ-१३ हीच असेल अशी आशा प्रथम वाटली. प्रत्यक्षात ती जानेवारी १९१५ मध्ये नाहीशी झालेली जर्मन यू-३१ निघाली. ज्यांची माणसे ओ-१३ वर होती त्यांना त्या शोधाने काही दिले नाही आणि ज्यांचा विचार कोणाच्या मनात नव्हता अशा ३५ जर्मन खलाशांचा पत्ता लागला.

ओळख पटवताना अभ्यासक सर्वसाधारणपणे मोठ्या वर्गाकडून एका नावाकडे येतो. जर्मनीच्या सातव्या-सी प्रकारच्या पाणबुडीची लांबी सुमारे ६७ मीटर असते आणि तिच्या मागच्या टोकाला टॉर्पेडो सोडण्याची एकच नळी असते. नवव्या प्रकारच्या मोठ्या पाणबुडीला अशा दोन नळ्या असतात. लांबी आणि नळ्या मोजल्या की प्रकार ठरतो, पण केवळ सातव्या-सी प्रकारच्याच साडेपाचशेहून अधिक पाणबुड्या बांधल्या गेल्यामुळे तेवढ्याने भागत नाही. मग पाण्याखाली असतानाही डिझेल इंजिनाला हवा पुरवणारी स्नॉर्केल ही नळी बसवलेली आहे का हे पाहतात, कारण ती असेल तर पाणबुडी बहुधा १९४४ मध्ये किंवा त्यानंतर बुडालेली असते. त्यापुढे बाह्य कवचातून पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेल्या भोकांची रचना पाहतात, जी बांधणाऱ्या गोदीगणिक वेगळी होती. युद्ध सुरू होताच जर्मनांनी मनोऱ्यावरचे क्रमांक पुसून टाकले होते, त्यामुळे नाव वाचून ओळख पटण्याची वेळ जवळजवळ येतच नाही. पहिल्या महायुद्धातल्या पाणबुड्यांच्या पंख्यांवर क्रमांक ठोकलेले आढळतात, पण दुरुस्तीच्या वेळी एकीचा पंखा दुसरीला बसवला गेला असण्याची शक्यता उरतेच. म्हणून एकट्या वस्तूवर, ती कितीही बोलकी असली तरी, निकाल टेकवता येत नाही. अनेक स्वतंत्र खुणा एकाच नावाकडे बोट दाखवतात आणि दुसरे कोणतेही नाव त्या साऱ्यांना लागू पडत नाही, तेव्हाच ओळख पटली असे म्हणावे. दुसऱ्या नावांना बाद करण्याची ही अर्धी पायरी घाईत गाळली जाते. ब्रिटनच्या अर्ज या पाणबुडीविषयी हेच घडले. एप्रिल १९४२ मध्ये माल्टा सोडल्यावर ती नाहीशी झाली. २०१५ मध्ये ती लिबियाच्या किनाऱ्याजवळ सापडल्याचा दावा करण्यात आला. आणि २०१९ मध्ये माल्टा विद्यापीठाच्या पथकाला ती माल्टाजवळच, बंदरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर, १३० मीटर खोलीवर आढळली.

इनेस मॅकार्टनी यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांनी इंग्लिश खाडीतल्या आणि आसपासच्या जर्मन पाणबुड्यांचे अवशेष अशा कसोटीने एकेक करून तपासले तेव्हा जुन्या यादीतल्या अनेक नोंदी कोसळल्या. यूसी-६६ ही पाणबुडी जून १९१७ मध्ये एका सशस्त्र मासेमारी नौकेने बुडवली असे मानले जात होते. अवशेष वेगळ्याच ठिकाणी सापडले आणि निष्कर्ष असा निघाला की त्याआधीच, मे महिन्याच्या अखेरीस, एका ब्रिटिश उडत्या नौकेने तिला बुडवले होते. विमानाने बुडवलेली ती पहिली जर्मन पाणबुडी ठरते, म्हणजे नौदलाच्या इतिहासातला एक टप्पाच जागेवरून हलला. ज्यांना हल्ल्याचे श्रेय मिळाले होते त्यांच्या स्मृतीचा यात अवमान होत नाही, कारण त्यांनीही पाण्यावर जे दिसले तेच लिहिले होते.

समुद्रतळ कधी कधी वाचलेल्या माणसाची बाजूही सावरतो. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनची पर्सियस ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ सुरुंगावर आदळली. तिच्यावरच्या ६१ जणांपैकी जॉन केप्स हा एकच माणूस आपत्कालीन झाकणातून बाहेर पडून वाचला आणि ग्रामस्थांनी त्याला दीड वर्ष लपवून ठेवले. तो पाणबुडीच्या मूळ खलाशांपैकी नव्हता, प्रवासी म्हणून होता, त्यामुळे पुढे त्याच्या हकिकतीवर अनेकांनी विश्वास ठेवला नाही. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १९९७ च्या सुमारास, ग्रीक डायव्हर कोस्तास थोक्तारिदिस यांचे पथक अवशेषांपाशी पोचले तेव्हा ते झाकण त्याने सांगितले तसे उघडे होते.

तिसऱ्या प्रश्नापाशी, म्हणजे कारणापाशी, अभ्यासकाने सर्वांत जास्त सावध राहायला हवे, कारण इथे देशाभिमान पुराव्याच्या जागी येऊन बसतो. ऑस्ट्रेलियाची पहिली पाणबुडी एई-१ सप्टेंबर १९१४ मध्ये न्यू गिनीच्या परिसरात ३५ जणांसह नाहीशी झाली आणि १०३ वर्षांनी, आधीच्या बारा मोहिमा फसल्यावर, डिसेंबर २०१७ मध्ये तीनशेहून अधिक मीटर खोलीवर सापडली. तपासणीत शत्रूच्या हल्ल्याची खूण मिळाली नाही. हवा खेळती ठेवणारी एक झडप अर्धवट उघडी आढळली आणि बुडी मारताना झालेल्या अपघाताकडे सारा रोख गेला. वीरमरणाच्या जागी अपघात स्वीकारणे राष्ट्राला जड जाते. ऑस्ट्रेलियाने ते प्रामाणिकपणे स्वीकारले. यू-८६९ च्या बाबतीत मात्र ओळख पटूनही कारण वादातच राहिले: शोध घेणाऱ्यांच्या मते तिचाच टॉर्पेडो वर्तुळाकार फिरून तिच्यावर आदळला, तर अमेरिकी अधिकाऱ्यांनी पुनर्विचार करून श्रेय ११ फेब्रुवारी १९४५ च्या दोन जहाजांच्या हल्ल्याला दिले.

शोधाच्या पाठोपाठ लूट येते, हेही इथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मलेशियाच्या जवळच्या समुद्रातल्या ओ-१६ आणि के-१७ या डच पाणबुड्या भंगारासाठी जवळजवळ संपूर्ण उचलून नेल्या गेल्या, आणि जावा समुद्रातल्या अमेरिकी पर्चचेही तेच झाले. ओ-१६ आणि के-१७ मध्ये माणसांचे अवशेष होते. युद्धनौका बुडाली तरी तिच्यावरचा मूळ देशाचा हक्क संपत नाही, हे तत्त्व सर्वसाधारणपणे मान्य आहे. ब्रिटनने १९८६ मध्ये आणि अमेरिकेने २००४ मध्ये बुडालेल्या लष्करी नौकांच्या रक्षणाचे कायदे केले. युनेस्कोचा २००१ चा करार मात्र शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांनाच लागू होतो, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्या आज नेमक्या त्याच्या छत्राबाहेर आहेत. लूट टाळण्यासाठी काही शोधक सगळेच गुप्त ठेवतात, जागाही आणि पुरावाही. जागा गुप्त ठेवणे योग्यच आहे, पण छायाचित्रे, मोजमापे आणि हजारो छायाचित्रे जुळवून केलेली त्रिमिती प्रतिमा ही लपवली तर ओळखीचा दावा कोणालाच तपासता येत नाही, आणि तपासता न येणारा दावा जुन्या यादीतल्या अनुमानाहून वरचढ ठरत नाही. अक्षांश-रेखांश बंद आणि पुरावा खुला, हीच मर्यादा न्याय्य आहे. त्रिमिती प्रतिमेमुळे आता आत शिरून वस्तू उचलून आणण्याची गरजही फारशी उरलेली नाही. ज्या कबरीत माणसे आहेत तिच्यात हात घालण्याचे समर्थन करणे त्यामुळे अधिकच कठीण झाले आहे.

भारताच्या किनाऱ्यालगत हे सारे प्रश्न एकत्र आलेले दिसतात. विशाखापट्टणमजवळ दोन युद्धांच्या दोन पाणबुड्या पडलेल्या आहेत: फेब्रुवारी १९४४ मध्ये तेव्हाच्या भारतीय नौदलाची जमुना आणि दोन ऑस्ट्रेलियन जहाजे यांनी बुडवलेली जपानची आरओ-११०, आणि ३ व ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री बुडालेली पाकिस्तानची गाझी. एक सुमारे ६१ मीटर लांबीची आणि दुसरी, जी मुळात अमेरिकेची डायब्लो होती, सुमारे ९५ मीटर लांबीची असल्याने त्यांची गल्लत होण्याचे कारण नाही. म्हणजे गाझीच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आहेत आणि २०२४ च्या सुरुवातीला भारतीय नौदलाच्या खोल समुद्रातल्या बचावयानाने ते अवशेष पुन्हा पाहिल्याचे वृत्तही आले. वाद तिसऱ्या प्रश्नाचा आहे. भारताच्या अधिकृत भूमिकेनुसार बंदराबाहेर पडताना आयएनएस राजपूतने टाकलेल्या डेप्थ चार्जनी, म्हणजे ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या बॉम्बनी, तिचा नाश केला. पाकिस्तानच्या मते ती स्वतः पेरत असलेल्या सुरुंगामुळे किंवा आतल्या स्फोटामुळे बुडाली. विक्रांत ही विमानवाहू नौका विशाखापट्टणममध्येच आहे असे शत्रूला भासवून गाझीला तिथे खेचण्याची व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांची योजना यशस्वी झाली, हे दोन्हींपैकी कोणतेही कारण खरे ठरले तरी अबाधित राहते, आणि म्हणूनच भारताला या तपासणीत गमावण्यासारखे काही नाही.

तपासणी करता येण्याजोगी आहे. बाहेरच्या स्फोटाने कवचाचे पत्रे आत वळतात आणि आतल्या स्फोटाने बाहेर. दाबाने चिरडलेल्या कवचाचे स्वरूप दोन्हींहून वेगळे असते. स्फोटाचे केंद्र टॉर्पेडोच्या कक्षात आहे, विद्युत घटांच्या कक्षात आहे की कवचाबाहेर आहे, बुडतेवेळी झाकणे कोणत्या स्थितीत होती, नळ्यांत काही शिल्लक आहे का, हे आत न शिरता, कोणत्याही अस्थींना धक्का न लावता कॅमेऱ्याने टिपता येते. ती छायाचित्रे, राजपूतची त्या रात्रीची नोंदवही आणि कराचीतून गाझीला गेलेले संदेश हे तिन्ही एका मेजावर ठेवून दोन्ही देशांच्या अभ्यासकांनी ते एकत्र वाचावेत, आणि गाझीवर मेलेल्या नव्वदहून अधिक माणसांच्या कुटुंबांना निष्कर्ष आधी कळवावा.